नळाला पिवळं पाणी, गीझरात पांढरा थर: गोव्यातल्या घरात दोष कुठे शोधायचा

चवथ (गणेशचतुर्थी) संपून पाहुणे परतले की आठवड्याभरात मला फोन यायला लागतात. "भाऊ, आमचं पाणी जड झालंय. बादलीला डाग पडतात. एकदा येऊन बघा, आणि ते पाणी मऊ करायचं मशीन कितीला पडतं तेही सांगा." असेच फोन मेअखेरीस येतात, आणि पहिला मोठा पाऊस पडून गेला की पुन्हा. बार्देश आणि डिचोली या दोन तालुक्यांत मी पंप, टाक्या आणि गीझरची कामं करतो. वीस वर्षांत ही तक्रार इतक्या घरांत पाहिली आहे की न्हाणीतली बादली बघितली तरी अंदाज येतो. तरीही नुसत्या अंदाजावर मी कुणाला पैसे खर्च करायला सांगत नाही. ‘जड पाणी’ या एका शब्दात लोक चार-पाच वेगळ्या तक्रारी सांगत असतात, आणि त्यांतल्या एकीलाच त्या मशीनचा उपयोग असतो.

म्हणून मशीन घेण्याआधी खालच्या क्रमाने जा. सुरुवातीच्या तपासण्यांना जवळजवळ काहीच खर्च नाही.

लक्षणं

• पांढरा, खरखरीत थर. नळाच्या तोंडाला, शॉवरच्या भोकांत, गीझरच्या कॉइलवर, पाणी तापवायच्या टोपाच्या तळाला. साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात, डाळ शिजायला वेळ लागतो. हे खरं जड पाणी, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार.

• पिवळे ते तांबूस डाग. बादली, कमोड, पांढरे पंचे, शाळेचे शर्ट. बहुतेक वेळा पाणी काढताना स्वच्छ दिसतं आणि संध्याकाळपर्यंत बादलीत पिवळसर होतं. हे लोह.

• काळपट, बुळबुळीत थर. फ्लशच्या टाकीत आणि पाइपाच्या आत. मँगनीज, किंवा लोहावर वाढणारे जिवाणू.

• पितळी नळाखाली बेसिनवर हिरवट-निळा ओघळ. पाणी आम्ल आहे आणि ते पितळ, तांबं खातंय.

• दुधासारखं पांढरं पाणी, कुजक्या अंड्यासारखा वास, खारट चव. या तिघांची कारणं वेगवेगळी आहेत, पुढे सांगतो.

• न्हाणीच्या फरशीच्या फटींत गुलाबी चिकट थर. हा पाण्याचा दोष नाही. ओल्या जागी हवेतले जिवाणू वाढतात. घासून काढा आणि जागा कोरडी ठेवा. याच्यासाठी टाकी उपसू नका.

गोव्याचं पाणी मुळात कसं आहे

हे समजून घेतलं नाही तर पुढच्या तपासण्यांचा अर्थ लागत नाही.

पणजी, तिसवाडी आणि फोंड्याकडे खांडेपार नदीवरच्या ओपा प्रकल्पाचं पाणी येतं. बार्देशला अस्नोड्याचं, पेडण्याला चांदेलचं, सत्तरीला दाबोसचं, मडगाव-वास्कोच्या बाजूला साळावली धरणाचं. सह्याद्रीवर पडलेला पाऊस नदी-धरणांत साठून आपल्याकडे येतो. वाटेत त्याला चुनखडीचा खडक फारसा लागतच नाही, त्यामुळे हे पाणी मऊ असतं. अशा नळाखाली धरलेला माझा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) बहुतेक वेळा शंभराच्या आतच थांबतो. याच नळाच्या पाण्यासाठी मऊ करायचं मशीन घेणाऱ्यांना मी हात जोडून थांबवतो.

विहिरीची गोष्ट वेगळी. आपली जमीन चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. चिऱ्यात चुना नाही, लोह भरपूर. त्याचा तांबडा रंगच लोहाचा. अशा विहिरीचं पाणी सहसा मऊ, किंचित आम्ल आणि कमी-जास्त लोहाचं असतं. पांढरा थर तेही धरत नाही. ते डाग टाकतं आणि पितळ खातं.

मग खरं जड पाणी गोव्यात सापडतं कुठे? खोल बोअरवेलमध्ये. कळंगुट, कांदोळी, मोरजी, हरमल, कोलवा, बाणावली अशा किनारपट्टीवरच्या विहिरींत, जिथे उपसा वाढला की खारं पाणी आत सरकतं. चोडण, दिवाडीसारख्या बेटांवर खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीच्या, कडेच्या विहिरींत. आणि टँकरमध्ये, कारण टँकर कुठल्या विहिरीवर भरला हे आपल्याला कोणी सांगत नाही. म्हणून फक्त सरकारी नळावर चालणाऱ्या घरात पांढरा थर दिसला तर माझा पहिला प्रश्न असतो, "उन्हाळ्यात टँकर घेतला होता का?"

२०२२ मध्ये गोवा ‘हर घर जल’ प्रमाणित होणारं देशातलं पहिलं राज्य ठरलं. घरोघरी नळ आला, तशी परसातली विहीरही राहिली. बहुतेक घरांत दोन्ही पाणी एकाच टाकीत पडतं, आणि बहुतेक तक्रारींचं मूळ मला तिथेच सापडलं आहे.

लिंबू

अर्धं लिंबू डागावर चोळा आणि दहा मिनिटं तसंच ठेवा. पांढरा थर असेल तर बारीक बुडबुडे येतात आणि थर भुसभुशीत होतो. तांबूस डाग असेल तर बुडबुडे येत नाहीत, डाग हळूहळू विरघळतो आणि लिंबाची फोड पिवळी पडते. एका लिंबात तुम्हाला कळतं की पुढे क्षाराच्या मागे लागायचं की लोहाच्या.

इथे दोन गोष्टी जिवाच्या आहेत. पिवळ्या पडलेल्या कपड्यांवर ब्लीच घालू नका. ब्लीचने लोहाचा डाग जातो कुठला, उलट कापडात पक्का बसतो. आणि कमोड साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका, एकामागोमाग एक सुद्धा वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीत तो जीव घेऊ शकतो.

काचेचा पेला

स्वच्छ पेला भरून खिडकीत ठेवा. पाणी दुधासारखं पांढरं असेल आणि पेल्यात तळापासून वरच्या दिशेने स्वच्छ होत गेलं, तर ती हवा आहे. पुरवठा बंद राहून पुन्हा सुरू झाला की पाइपातली हवा पाण्यात मिसळते. काहीही करायचं नाही. पाणी वरून खाली स्वच्छ होत गेलं आणि तळाशी गाळ बसला, तर माती किंवा गंज. पहिल्या पावसात नद्या तांबड्या होतात, तेव्हा हे दिसतं. दोन दिवस वाट बघा, पाणी गाळून उकळून प्या. तासाभराने पेला होता तसाच स्वच्छ, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळसर झाला असेल, तर पाण्यात विरघळलेलं लोह आहे. विहिरीच्या तळाशी हवा नसते, तिथे लोह विरघळून राहतं आणि दिसत नाही. बाहेर येऊन हवा लागली की त्याचा गंज होतो.

म्हणूनच लोक म्हणतात, "पंपाला तर काचेसारखं पाणी येतं, टाकीतच काहीतरी झालंय." टाकीत काही झालेलं नसतं. टाकीत पाण्याला हवा लागलेली असते.

सकाळचे तीन नळ

रात्रभर पाणी वापरलेलं नसताना, सकाळी उठल्याउठल्या तीन ठिकाणचं पाणी तीन पांढऱ्या वाट्यांत घ्या: पाण्याच्या मीटरनंतरचा पहिला नळ, टाकीवरून येणारा स्वयंपाकघरातला नळ, आणि गीझरचा गरम नळ. मग प्रत्येक नळ पाच मिनिटं सोडून पुन्हा एकेक वाटी घ्या. सोडलेलं पाणी झाडांना घाला.

मीटरजवळचंच पाणी खराब असेल तर दोष तुमच्या घराबाहेर आहे. शेजाऱ्यांना विचारा. त्यांच्याकडेही तसंच असेल तर पाणीपुरवठा खात्याच्या स्थानिक कार्यालयात तक्रार द्या आणि इथेच थांबा. मीटरपर्यंतची लाइन खात्याची असते, ती आपण उकरायची नाही. मीटरजवळ स्वच्छ आणि स्वयंपाकघरात पिवळं, तर टाकी किंवा घरातला पाइप. पहिली वाटी तांबडी आणि पाच मिनिटांनी स्वच्छ, तर जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप आतून गंजलाय. फक्त गरम पाण्यालाच वास किंवा रंग, तर गीझर.

ही तपासणी मी कधीच टाळत नाही. एका घरात तीन वेळा टाकी धुतली गेली होती आणि दोष होता मीटर ते टाकी या वीस फुटांच्या जुन्या पाइपात.

नळाची जाळी

नळाच्या तोंडाची जाळी हाताने फिरवून काढा. आत पांढरे खडे, तांबूस पापुद्रे, काळं बुळबुळीत, हिरवट शेवाळ, यांतलं जे सापडेल ते आठवणीत ठेवा. जाळी लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर बुडवून जुन्या दातांच्या ब्रशने घासा. "पाणी बारीक येतं" या तक्रारींपैकी निम्म्या इथेच संपतात. हिरवं शेवाळ आलं असेल तर टाकीत उजेड जातोय. झाकण फुटलंय, किंवा टाकी उन्हाने पातळ झालीय.

साबणाची बाटली

तीन सारख्या बाटल्या घ्या. एकीत नळाचं पाणी, एकीत विहिरीचं, एकीत पावसाचं. पाऊस नसेल तर बॅटरीत घालायचं पाणी चालेल. प्रत्येकीत अंगाच्या साबणाचा हरभऱ्याएवढा कीस टाका आणि तेवढ्याच जोराने वीस वेळा हलवा. मऊ पाण्यात फेस भरपूर येतो आणि खालचं पाणी जवळजवळ स्वच्छ राहतं. जड पाण्यात फेस कमी येतो आणि पाणी दह्यासारखं फुटकं दिसतं. साबण खरा वडीचा घ्या. भांडी घासायची जेल आणि बरेचसे हँडवॉश हे डिटर्जंट असतात, ते जड पाण्यातही फेस देतात आणि फसवतात.

लोक या जागी टीडीएस मीटर वापरतात. मीटर दोन-चारशे रुपयांत मिळतो आणि माझ्याही पिशवीत आहे, पण तो काय सांगतो ते नीट समजून घ्या. पाण्यात एकूण विरघळलेले क्षार किती, इतकंच तो मोजतो. त्यातला चुना किती, मीठ किती, लोह आहे का, हे त्याला कळत नाही, आणि जंतू तर मुळीच कळत नाहीत. टीडीएस ६० असलेल्या विहिरीच्या पाण्याने कावीळ होऊ शकते. आकडा कमी म्हणजे पाणी चांगलं, हा समज मला सगळ्यांत जास्त काळजीचा वाटतो.

पेरूचं पान किंवा चहा

पेरूची दोन कोवळी पानं चुरगाळून पेलाभर पाण्यात टाका. लोह असेल तर पाणी थोड्या वेळात जांभळट-काळं होतं. पेरू नसेल तर बिनदुधाचा चहा करून ठेवा; लोहाच्या पाण्याचा चहा शाईसारखा काळपट पडतो. पानात आणि चहात जो तुरट अंश असतो, तो लोहाला धरून काळा रंग देतो. शेजारी नळाच्या पाण्याचा पेला ठेवला तर फरक डोळ्यांना दिसतो.

टाकी

आता अर्ध्या दिवसाचं काम. पाणी वरच्या टाकीत उभं राहतं, म्हणजे गाळ खाली बसतो. टाकीतून घरात जाणारा पाइप तळापासून तीन-चार इंच वर असायला हवा आणि तळाला वॉशआउटची, म्हणजे गाळ सोडायची, वेगळी तोटी हवी. कित्येक घरांत घरात जाणारा पाइप अगदी तळाला जोडलेला असतो, आणि वॉशआउट नसतोच. मग टाकीतलं पाणी कमी झालं की गाळ थेट नळात उतरतो. चवथीला नेमकं हेच होतं. एरवी चार माणसं वापरतात, अचानक वीस माणसं वापरतात, टाकी पहिल्यांदाच तळापर्यंत रिकामी होते, आणि वर्षभराचा गाळ एका सकाळी बादलीत येतो.

टाकी श्रावणात धुवा, चवथीच्या आधी. घासायला नायलॉनचा ब्रश घ्या. तारेचा ब्रश किंवा ॲसिड प्लास्टिकच्या टाकीला लावू नका. धुवून झाल्यावर टाकी भरा आणि दर १००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर आधी बादलीत कालवून, निवळी तेवढी टाका, गाळ नको. तासभर थांबून मग वापरा. विहिरीलाही हेच प्रमाण. विहिरीचा व्यास २ मीटर आणि पाणी ३ मीटर असेल तर आत साधारण ९,४०० लिटर पाणी असतं. त्याला २४ ग्रॅमच्या आसपास पावडर लागते. लोह असलेल्या विहिरीत पावडर टाकली की पाणी तांबडं होतं आणि माणसं घाबरतात. क्लोरीनने लोहाचा गंज केलेला असतो. गाळ खाली बसू द्या.

टाकी उंच चिरेबंदी खांबांवर किंवा निसरड्या कौलांवर असेल तर वर चढू नका. आत उतरावं लागेल अशी मोठी टाकी किंवा संप (जमिनीखालची टाकी) असेल तर एकट्याने उतरू नका. विहिरीत तर उतरूच नका, त्यासाठी विहीर उपसणारी माणसं बोलवा. खाली हवा संपलेली असते आणि माणसाला ते कळायच्या आत शुद्ध जाते. एक उतरला, वर आला नाही म्हणून दुसरा उतरला, असे जीव गेलेले आहेत.

दोन पाइप, एक टाकी

इथे मी थोडा जास्त वेळ घेतो, कारण ही तपासणी लोक करतच नाहीत.

म्हापशाजवळच्या एका वाड्यावर एका घरी गेलो होतो. घरात आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. बादल्या तांबूस, धुतलेले कपडे पिवळे. घरोघर फिरणाऱ्या एका विक्रेत्याने "तुमचं पाणी जड आहे" असं सांगून त्यांना मऊ करायचं मशीन दिलं होतं. दोन महिने बरं चाललं, मग पाणी पूर्वीपेक्षाही बारीक आणि पिवळं. मशीन उघडलं तर आतले रेझिनचे बारीक मणी गंजाने माखून गेले होते. अशा मशीनमध्ये हे मणी चुना पकडून त्या बदल्यात सोडियम सोडतात. हवा लागून गंज झालेलं लोह त्या मण्यांवर बसलं की त्यांचं काम थांबतं. आरओच्या (दाबाने पडद्यातून पाणी गाळून क्षार काढणाऱ्या यंत्राच्या) पडद्याचंही तेच होतं.

आजी मला म्हणाल्या, "बाबा, आम्ही तर नळाचंच पाणी पितो. विहीर फक्त माडांना." मी टाकीवर चढलो. टाकीत दोन पाइप येत होते. एक नळाचा, एक विहिरीच्या पंपाचा, आणि पंपाला आपोआप चालू-बंद होणारा फ्लोट लावलेला. पाणी थोडं खाली गेलं की पंप लगेच चालू होई. नळाला दिवसा दाब कमी, पाणी पहाटे यायचं. तोवर पंपाने टाकी भरलेली असे, आणि भरलेल्या टाकीत नळाचं पाणी पडणारच कसं? ते घर महिनोन्महिने जवळजवळ पूर्ण विहिरीचंच पाणी वापरत होतं. उन्हाळ्यात माडांना पाणी जास्त लागतं म्हणून पंप गड्याने बसवून दिला होता, आणि घरात कोणालाही त्याची आठवण नव्हती. सून मुलांच्या कपड्यांवर तीन साबण बदलून बसली होती. ते ऐकून मला फार वाईट वाटलं, कारण दोष एका फ्लोटचा होता.

त्यांच्याकडे आम्ही नळाच्या पाण्याला पाचशे लिटरची वेगळी टाकी बसवली, ती फक्त स्वयंपाकघर आणि न्हाणीला जोडली, आणि विहिरीचं पाणी संडास, बाग आणि कपडे सोडून बाकीचं धुणं-पुसणं यांना दिलं. मशीन काढून टाकलं.

तुमच्या घरी हे असं तपासा. विहिरीच्या पंपाचा खटका दोन दिवस पूर्ण बंद ठेवा. टाकी आधी तळापर्यंत संपू द्या, मग फक्त नळाने भरा. त्या पाण्यावर पेल्याची आणि पेरूच्या पानाची तपासणी पुन्हा करा. डाग थांबले तर उत्तर मिळालं. काही खर्च झालेला नाही.

दोन पाइप टाकीच्या वरून मोकळे पडत असतील तर निदान पाणी मागे जात नाही. पण काही घरांत विहिरीची आणि नळाची लाइन टी लावून एकमेकींना जोडलेली असते, मध्ये फक्त एक एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह. तो एनआरव्ही कचऱ्याने अडकला की विहिरीचं पाणी पंपाच्या जोराने खात्याच्या लाइनीत शिरतं आणि शेजाऱ्यांच्या पिण्याच्या पाण्यात जातं. असा जोड सापडला तर त्याच दिवशी तोडा. नळाच्या लाइनीवर थेट पंप लावणंही तितकंच वाईट आहे. पंप ओढतो तेव्हा रस्त्याखालच्या पाइपाच्या प्रत्येक फटीतून गटाराचं पाणी आत येतं. हे करू नका, आणि शेजारी करत असेल तर त्याच्याशी बोला.

गीझर

गरम पाण्यालाच कुजक्या अंड्याचा वास येत असेल तर गीझरच्या टाकीतल्या मॅग्नेशियमच्या रॉडची आणि काही जिवाणूंची प्रक्रिया असते. रॉड बदलावा लागतो. थंड आणि गरम दोन्हींना वास असेल तर दोष विहिरीत किंवा बोअरवेलमध्ये. गीझरातून खडखड आवाज, पाणी तापायला पूर्वीच्या दुप्पट वेळ, म्हणजे कॉइलवर थर आहे. पाणी तापलं की त्यातला विरघळलेला चुना घट्ट होऊन बाहेर पडतो, आणि जितकं जास्त तापवाल तितका जास्त. कॉइल थराच्या आत तापत राहते आणि जळते. गीझर ५०-५५ अंशांवर ठेवला तर थर कमी धरतो.

गीझर उघडणं हे घरच्या माणसाचं काम नाही. वीज आणि पाणी एकाच पेटीत आहेत. आणि नळाला हात लावताना झिणझिण जाणवली तर पाण्याचा विचार नंतर करा. मेन स्विच बंद करा, कोणालाही न्हाणीत जाऊ देऊ नका आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा.

प्रयोगशाळा

इथपर्यंत येऊनही कारण स्पष्ट झालं नाही, किंवा पैसे घालून मशीन बसवायचंच ठरलं, तर आधी पाणी तपासून घ्या. पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळा आहेत, खाजगीही आहेत. पीएच (आम्लपणाचं माप), एकूण कठीणपणा (म्हणजेच जडपणा), लोह, मँगनीज, क्लोराइड, गढूळपणा आणि कोलीफॉर्म जंतू, एवढं मागा. जंतूंच्या तपासणीची बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक केलेली आणा आणि भरल्यावर बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. कोल्ड्रिंकच्या बाटलीतून नेलेल्या पाण्याचा जंतूंचा अहवाल विश्वासाचा नसतो.

अहवाल वाचताना भारतीय मानक आयएस १०५०० चे आकडे जवळ ठेवा. कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पीएच ६.५ ते ८.५. मँगनीज ०.१, फार तर ०.३. लोहाचे डाग ०.३ च्या वर गेल्यावर दिसू लागतात. ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जंतू) १०० मिलिलिटरमध्ये अजिबात सापडता कामा नये.

मग कशाला काय

लोह असेल तर मऊ करायचं मशीन नको, हवा द्या. विहिरीचं पाणी टाकीत पाइपाने सरळ सोडण्याऐवजी शॉवरच्या तोंडातून बारीक धारांनी पडू द्या, रात्रभर ठेवा आणि खडी-वाळूच्या गाळणीतून काढा. आपल्याकडे एक अडचण येते. चिऱ्याचं पाणी आम्ल असतं आणि आम्ल पाण्यात लोहाचा गंज फार सावकाश होतो, म्हणून बाहेरगावी चालणारी गाळणी इथे कधीकधी चालत नाही. गाळणीच्या आधी संगमरवराच्या खड्यांचा थर ठेवला तर पाण्याचा आम्लपणा उतरतो आणि काम होतं. पितळी नळांखालचे हिरवे ओघळही कमी होतात. खडे विरघळत जातात, वर्षातून एकदा भर घालावी लागते.

कठीणपणाच असेल, तर मशीन फक्त गीझर आणि कपडे धुण्याच्या लाइनीवर लावा. पिण्याच्या पाण्याला आणि बागेला नको.

खारट पाणी आणि टीडीएस ५०० च्या वर, तरच आरओ. त्याहून कमी टीडीएसच्या पाण्यासाठी आरओ वापरण्यावर बंदी घालावी असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये दिले होते. आपल्या ओपा-अस्नोड्याच्या पाण्याला आरओ लावणं म्हणजे चांगलं पाणी अर्ध्याहून जास्त मोरीत सोडणं. त्या पाण्याला साधी गाळणी आणि यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) किंवा उकळणं पुरतं.

जुना जीआय पाइप हे शेवटचं आणि सगळ्यांत महाग काम. भिंती फोडाव्या लागतात. तो पाइपच दोषी आहे हे तीन नळांच्या तपासणीने सिद्ध झाल्याशिवाय प्लंबरला भिंतीला हात लावू देऊ नका.

इथे थांबा

विहिरीच्या पाण्याला पेट्रोल, डिझेल किंवा रंगाचा वास आला, पाण्यावर तेलकट तवंग दिसला, तर पंपाचा खटकासुद्धा दाबू नका. ठिणगी पडू शकते. पंचायत आणि अग्निशमन दलाला कळवा. संडासाची टाकी विहिरीजवळ आहे आणि पावसात पाण्याला वास येतो, तर ते पाणी पिणं बंद. घरात किंवा वाड्यावर दोघा-तिघांना एकदम जुलाब किंवा कावीळ झाली तर तपासण्या बाजूला ठेवा, पाणी खळखळून उकळून प्या आणि आरोग्य केंद्रात त्याच दिवशी जाऊन सांगा.

माणूस बोलवायचाच असेल तर फोनवर एवढं सांगा: डागाचा रंग, लिंबाने काय झालं, तीन नळांपैकी कुठलं पाणी खराब, पंप बंद ठेवल्यावर काय फरक पडला, आणि टाकीत किती पाइप येतात. मग येणारा माणूस योग्य सामान घेऊन येईल आणि तुमची एक खेप वाचेल.